एक उपासनागीत, अनेक कर्ते : 'अमेझिंग ग्रेस'ची संहिता, छंद आणि चाल

वाङ्मयाचा अभ्यास करताना आपण कर्ता, काळ आणि कृती या तीन गोष्टी एकमेकींशी घट्ट बांधलेल्या आहेत असे गृहीत धरून चालतो. मुद्रित भावकवितेच्या बाबतीत हे गृहीत बहुतांशी निभावून जाते. परंतु समूहाने गावयाच्या रचनेकडे वळताच त्याला तडे जाऊ लागतात. गाथेतील प्रक्षिप्त अभंगांचा प्रश्न, एकाच अभंगाच्या निरनिराळ्या फडांवर रूढ असलेल्या चाली, नाममुद्रा एकाची आणि शब्दकळा दुसऱ्याची असा संशय येणारी पदे, या साऱ्यांचा मराठीच्या अभ्यासकाला चांगलाच परिचय आहे. प्रस्तुत लेखात याच स्वरूपाचा प्रश्न एका इंग्रजी ख्रिस्ती उपासनागीताच्या आधारे तपासावयाचा आहे. ते गीत म्हणजे 'अमेझिंग ग्रेस'. आश्चर्यकारक कृपा असा त्या नावाचा अर्थ.

हे गीत निवडण्याचे कारण असे की त्याच्या घडणीचे बहुतेक टप्पे मुद्रित पुराव्यांच्या आधारे दाखविता येतात. मध्ययुगीन संतरचनांच्या बाबतीत जे अनुमानावर सोडावे लागते, ते येथे सन, ग्रंथ आणि व्यक्ती यांच्या नावानिशी समोर ठेवता येते. (मराठी बायबलमध्ये 'स्तोत्र' ही संज्ञा प्राचीन हिब्रू स्तोत्रांसाठी रूढ असल्यामुळे त्यापासून वेगळेपण राखण्यासाठी या लेखात 'उपासनागीत' हा शब्द वापरला आहे.)

१. ओल्नीतील मूळ रचना

गीताचा मूळ कर्ता जॉन न्यूटन (१७२५–१८०७). इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यातील ओल्नी या लहानशा गावी तो १७६४ मध्ये धर्मोपदेशक म्हणून आला. गावातील पुष्कळ कुटुंबे हाताने लेस विणून गुजराण करीत. शिक्षण बेताचे, दारिद्र्य नित्याचे. अशा लोकांसाठी न्यूटन आठवड्याच्या प्रार्थनासभा भरवी आणि त्या सभांसाठी गीते रची. १७६७ मध्ये कवी विल्यम कूपर ओल्नीत राहावयास आला आणि या कामात त्याचा सहकारी झाला. दोघांच्या रचनांचा 'ओल्नी हिम्स' हा संग्रह १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३४८ गीतांपैकी सुमारे २८० न्यूटनची आणि उरलेली कूपरची आहेत. संग्रहाच्या प्रस्तावनेत न्यूटनने आपली भूमिका स्पष्ट केली आहे : ही गीते साध्यासुध्या लोकांसाठी आहेत, म्हणून त्यांत स्पष्टता आणि सुलभता हवी, कल्पनाविलास आलाच तर तो अत्यंत संयमाने यावा. काव्यगुणापेक्षा उपयोगाला अग्रक्रम देणारी ही भूमिका संतकवींच्या वाङ्मयीन दृष्टीची आठवण करून देणारी आहे.

संग्रहाच्या पहिल्या भागात बायबलमधील वचनांच्या क्रमाने गीते लावलेली आहेत. आपले गीत या भागातील ४१ वे. त्याला तेथे आजचे लोकप्रिय नाव नाही. त्याचे शीर्षक 'श्रद्धेचे सिंहावलोकन आणि अपेक्षा' अशा अर्थाचे असून खाली १ इतिहास, अध्याय १७, वचने १६ व १७ यांचा निर्देश आहे. १ जानेवारी १७७३ रोजी, नववर्षदिनी, न्यूटनने याच वचनांवर प्रवचन केले होते. त्या प्रवचनाला जोडून हे गीत सिद्ध झाले असावे, असे अभ्यासक मानतात.

हा संदर्भ गीताची रचना समजण्यास अत्यंत महत्त्वाचा आहे. नाथान संदेष्ट्याकडून ईश्वराचे अभिवचन ऐकल्यावर दावीद राजा ईश्वरासमोर जाऊन बसतो आणि मी कोण, माझे घराणे ते काय, म्हणून तू मला येथवर आणलेस, असा उद्गार काढतो. पुढे आपल्या घराण्याच्या दूरच्या भवितव्याविषयी ईश्वराने जे सांगितले त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो. म्हणजे दाविदाच्या प्रार्थनेत दोन दिशा आहेत : मागे वळून पाहणे आणि पुढे पाहणे. न्यूटनच्या सहा कडव्यांची मांडणी नेमकी याच दोन दिशांनी झाली आहे. पहिल्या तीन कडव्यांत कृपेने येथवर कसे आणले याचे स्मरण. पुढील तीन कडव्यांत अभिवचन, देहाचा अंत आणि सृष्टीचा अंत यांना सामोरे जाणारी आशा. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ भूतकाळाकडे आणि शेवटची भविष्याकडे पाहते; तेथे गीताची बिजागरी आहे.

शब्दकळाही जवळजवळ सर्वस्वी बायबलमधून आलेली आहे. हरवणे आणि सापडणे ही जोडी लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यातली. आंधळेपण आणि दृष्टिलाभ ही जोडी योहानाच्या नवव्या अध्यायातली. ढाल, वाटा आणि पडदा या प्रतिमा स्तोत्रे आणि इब्री लोकांस पत्र यांतल्या. सारांश, 'मी'च्या तोंडून बोलणारे हे गीत वैयक्तिक वाटत असले तरी त्याचे शब्द सामुदायिक परंपरेचे आहेत. या 'मी'त कोणीही शिरू शकतो, ही त्याच्या पुढील प्रवासाची पहिली अट होती.

२. चरित्र आणि आख्यायिका

या गीताविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. गुलामांची ने-आण करणारा एक क्रूर कप्तान भर समुद्रात वादळात सापडतो, ईश्वराचा धावा करतो, त्याचे हृदयपरिवर्तन होते, तो तत्काळ तो धंदा सोडतो आणि हे गीत लिहितो. कथा प्रभावी आहे. तिच्यातील बहुतेक घटकही घडलेले आहेत. परंतु त्यांचा क्रम आणि त्यांतील अंतर पाहिले की निराळेच चित्र उभे राहते.

न्यूटनची आई धर्मनिष्ठ होती. तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती वारली. अकराव्या वर्षी तो खलाशी वडिलांबरोबर समुद्रावर गेला. १७४४ मध्ये त्याला सक्तीने नौदलात भरती करण्यात आले. पळून जाण्याच्या प्रयत्नाबद्दल त्याला फटके बसले. पुढे तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलामांच्या व्यापाऱ्याकडे राहिला आणि तेथे त्याचे अतोनात हाल झाले. तेथून सुटून 'ग्रेहाउंड' जहाजाने परतत असताना मार्च १७४८ मध्ये ते प्रसिद्ध वादळ झाले. त्या वेळी तो जहाजाचा कप्तान नव्हता आणि त्या जहाजावर गुलामही नव्हते. वादळाचा तो दिवस आपल्या परिवर्तनाचा आरंभ म्हणून न्यूटनने आयुष्यभर पाळला, हे खरे.

परंतु पुढे काय झाले? त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला. १७५० ते १७५४ या काळात 'ड्यूक ऑफ आर्गाइल' आणि 'आफ्रिकन' या जहाजांचा कप्तान म्हणून त्याने गुलाम वाहून नेण्याच्या तीन सफरी केल्या. म्हणजे हा व्यापार त्याने परिवर्तनानंतर केला. १७५४ मध्ये आजारपणामुळे त्याने समुद्र सोडला. नैतिक निषेध म्हणून नव्हे. १७६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनातही त्या व्यापाराच्या वैधतेविषयी आपल्याला त्या काळी शंका आली नव्हती, असे त्याने नमूद केले आहे. गुलामांच्या व्यापाराचा उघड धिक्कार करणारी त्याची पुस्तिका आली ती १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी आणि गीतानंतर पंधरा वर्षांनी. त्या पुस्तिकेत आपली कबुली उशिरा येत असल्याचे त्याने स्वतःच म्हटले आहे. विल्यम विल्बरफोर्स या तरुण संसदसदस्याने १७८५ मध्ये त्याचा सल्ला घेतला होता. पुढे न्यूटनने संसदीय चौकशीपुढे साक्षही दिली. ब्रिटिश गुलामव्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन निवर्तला.

हा तपशील अशासाठी दिला की चरित्रात्मक समीक्षेची एक मर्यादा त्यातून स्पष्ट होते. गीतात समुद्र नाही, जहाज नाही, वादळ नाही, गुलाम नाहीत. 'संकटे' आणि 'कष्ट' आहेत. पण ती सर्वसामान्य आहेत. आख्यायिका मात्र गीताला गुलामव्यापाराच्या पश्चात्तापाचे रूपक बनविते आणि चाळीस वर्षांची संथ, अडखळती नैतिक वाटचाल एका रात्रीत आणून बसविते. त्यामुळे गीत अधिक नाट्यमय होते, परंतु एक अस्वस्थ करणारा प्रश्न दृष्टीआड जातो : कृपेचा एवढा उत्कट अनुभव घेतलेल्या माणसाला आपल्या जहाजाच्या तळघरातील माणसे इतकी वर्षे कशी दिसली नाहीत? दृष्टिलाभाचे गीत लिहिणाऱ्याची दृष्टी त्या वेळीही अपुरीच होती. गीताचे मोल यामुळे कमी होत नाही. मात्र ते कर्त्याच्या चरित्राहून मोठे कसे झाले, हे शोधण्याची निकड वाढते. त्यासाठी छंदाकडे वळले पाहिजे.

३. छंद : उघडे ठेवलेले दार

ओल्नी संग्रहात केवळ शब्द छापलेले आहेत. कोणत्याही गीताला स्वरलेखन नाही. त्या काळच्या रीतीनुसार त्याची गरजही नव्हती. न्यूटनने या गीतासाठी इंग्रजीत 'कॉमन मीटर' म्हणजे सर्वसामान्य छंद म्हणून ओळखली जाणारी रचना वापरली आहे : चार ओळी, अनुक्रमे आठ, सहा, आठ आणि सहा अवयवांच्या, प्रत्येक ओळीत आघातहीन आणि आघातयुक्त अवयव आलटून पालटून. १५६२ मध्ये पूर्ण झालेल्या स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांच्या छंदोबद्ध स्तोत्रसंग्रहापासून हा छंद इंग्रजी उपासनेत रुळला होता आणि आयझॅक वॉट्स (१६७४–१७४८) याच्या गीतांनी तो घरोघर पोहोचविला होता. इंग्रजी लोकगाथांचाही हाच छंद. गीतसंग्रहांत प्रत्येक गीताच्या माथ्यावर छंदाची आद्याक्षरे दिलेली असत. त्या छंदाची कोणतीही परिचित चाल घ्यावी आणि गावे, असा प्रघात होता.

मराठी वाचकाला हे सहज उमगेल. मोठ्या अभंगाचे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण एकदा कानात बसले की एका अभंगाची चाल दुसऱ्याला लावता येते. भजनी मंडळे नित्य हेच करतात. किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून (१८८०) संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर पूर्वपरिचित गीताचा निर्देश करून 'चाल' सांगण्याची पद्धत होती, तिचेही तत्त्व हेच. छंद हा शब्द आणि स्वर यांच्यामधला करार असतो. कराराच्या अटी पाळल्या तर दोन्ही बाजूंना आपला जोडीदार बदलण्याची मोकळीक राहते.

या मोकळिकीचे परिणाम मोठे झाले. न्यूटनच्या गीताला वीसहून अधिक चाली लावल्या गेल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. इंग्लंडमध्ये यांपैकी कोणतीच चाल रुजली नाही आणि एकोणिसाव्या शतकात तेथे हे गीत जवळजवळ विस्मृतीत गेले. त्याला जीवदान मिळाले ते अमेरिकेत.

४. 'न्यू ब्रिटन' : चालीचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली. उघड्या माळांवर हजारो लोकांच्या प्रार्थनासभा भरू लागल्या. पुस्तके थोडी, साक्षरता कमी; म्हणून सोपे, स्मरणसुलभ आणि वारंवार म्हणता येईल असे गीत हवे होते. याच काळात दक्षिणेकडील राज्यांत फिरते गायनशिक्षक एक विशिष्ट स्वरलिपी शिकवीत. तीत स्वराचे स्थान पट्टीवर तर दाखविले जाईच, शिवाय त्याच्या चिन्हाला आकारही असे : 'फा'साठी त्रिकोण, 'सोल'साठी वर्तुळ, 'ला'साठी चौकोन आणि 'मी'साठी शंकरपाळ्याचा आकार. संगीताचे शास्त्रीय शिक्षण नसलेला शेतकरीही या आकारांच्या आधारे थोड्या दिवसांत चार आवाजांच्या गायनात भाग घेऊ शके.

१८२९ मध्ये सिनसिनाटी येथे चार्ल्स स्पिलमन आणि बेंजामिन शॉ यांनी 'कोलंबियन हार्मनी' हा संग्रह काढला. त्यात 'गॅलहर' आणि 'सेंट मेरी' अशा दोन नावांनी परस्परांशी अतिशय मिळत्याजुळत्या दोन चाली छापल्या आहेत. त्यांखाली न्यूटनचे शब्द नाहीत. दुसऱ्याच गीतांचे आहेत. पुढे १८३५ मध्ये साउथ कॅरोलायनातील गायनशिक्षक विल्यम वॉकर याने 'सदर्न हार्मनी' या आपल्या संग्रहात ही चाल 'न्यू ब्रिटन' या नावाने घेतली आणि तिच्याखाली न्यूटनचे शब्द घातले. आज जगभर गाइली जाणारी शब्द-स्वरांची जोडी अशी जमली ती गीत रचल्यानंतर सुमारे बासष्ट वर्षांनी, समुद्रापलीकडे आणि न्यूटन हयात नसताना. चालीचा मूळ कर्ता अज्ञात आहे. ती आफ्रिकन गुलामांच्या गाण्यातून आली असे मत लोकप्रिय असले तरी त्याला आधार देणारा पुरावा पुढे आलेला नाही. १८४४ मध्ये जॉर्जियात निघालेल्या 'सेक्रेड हार्प' या संग्रहाच्या परंपरेतही ही चाल जपली गेली.

चालीचे स्वरूप पाहणे बोधप्रद आहे. ती पाच स्वरांची आहे : षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम आणि धैवत. हेच पाच स्वर आपल्याकडे भूप रागात येतात. अर्थात स्वर समान असले म्हणजे राग एक होत नाही. भूपाचे चलन, वादी-संवादी, आलापाची शिस्त यांपैकी येथे काही नाही. परंतु भारतीय कानाला ही चाल चटकन ओळखीची का वाटते, याचे एक कारण या स्वरसाम्यात सापडते. चाल मंद्र पंचमावरून षड्जावर चढते आणि दुसऱ्या ओळीच्या अखेरीस मध्य सप्तकातील पंचमापर्यंत, म्हणजे आपल्या सर्वोच्च स्वरापर्यंत पोहोचते. पहिल्या कडव्यात नेमक्या त्याच जागी गाणाऱ्याचा स्वतःकडे निर्देश करणारा शब्द येतो. तो शब्द स्वतःला अत्यंत हीन ठरविणाऱ्या विशेषणापाठोपाठ येतो. म्हणजे अर्थाच्या दृष्टीने जेथे 'मी' सर्वांत खाली आहे, तेथे स्वर सर्वांत वर आहे. हीनत्वाच्या कबुलीतच उद्धाराचा आनंद ऐकू येतो तो यामुळे. ही जुळणी न्यूटनने योजलेली असणे शक्य नाही. ती वॉकरच्या निवडीतून सिद्ध झाली. उत्कृष्ट चाल ही शब्दांचे भाष्य असते, ते असे.

५. शेवटचे कडवे : 'मी'कडून 'आम्ही'कडे

न्यूटनच्या सहाव्या कडव्यात पृथ्वी बर्फासारखी वितळून जाईल, सूर्य प्रकाशायचा थांबेल, परंतु मला हाक देणारा ईश्वर सदैव माझा राहील, असा भाव आहे. गीत 'माझा' या अर्थाच्या शब्दावर संपते. आज मात्र बहुतेक ठिकाणी गीताची अखेर वेगळ्याच कडव्याने होते. स्वर्गात दहा सहस्र वर्षे लोटली तरी ईश्वराचे गुणगान करण्यास आरंभीइतकेच दिवस उरलेले असतील, अशा अर्थाचे ते कडवे न्यूटनचे नव्हे. यरुशलेम नगरीविषयीच्या एका जुन्या, अनेक कडव्यांच्या गीतात ते १७९० मध्ये छापलेले आढळते. छंद तोच असल्यामुळे ते मौखिक परंपरेत एका गीतातून सुटून दुसऱ्याला जोडले गेले.

या जोडणीचा प्रसिद्ध मुद्रित पुरावा हॅरिएट बीचर स्टो हिच्या 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या कादंबरीत मिळतो. क्रूर मालकाच्या मळ्यावर छळ सोसणारा टॉम एका प्रसंगी गाऊ लागतो. त्याच्या तोंडी न्यूटनची अंताविषयीची दोन कडवी आहेत आणि त्यांच्यापाठोपाठ हे परके कडवे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की टॉम पहिले, सर्वांत प्रसिद्ध कडवे गात नाही. स्वतःच्या हीनत्वाची कबुली देण्याचे कारण त्याला नाही. त्याला पृथ्वीवरील व्यवस्थेचा अंत आणि त्यापलीकडचे गायन हवे आहे. एकेकाळच्या गुलामवाहू कप्तानाचे शब्द गुलामाच्या मुखी येताच त्यांच्या अर्थाचा गुरुत्वमध्य असा सरकतो.

पुढे शिकागोतील संगीतकार आणि प्रकाशक एडविन एक्सेल (१८५१–१९२१) याने विसाव्या शतकाच्या आरंभी चालीतील काही अलंकरण कमी करून तिला सुबक चतुःस्वरी रूप दिले. न्यूटनची पहिली तीन कडवी आणि हे चौथे परके कडवे, असा त्याचा १९१० च्या सुमारास स्थिर झालेला पाठ पुढील बहुसंख्य गीतसंग्रहांनी स्वीकारला. आज 'मूळ' म्हणून जे गाइले जाते ते बऱ्याच अंशी एक्सेलचे संपादन आहे.

पाठचिकित्सेच्या कडक दृष्टीने हे कडवे प्रक्षिप्त ठरते. परंतु प्रक्षेप म्हणून ते बाजूला सारले की त्याने केलेले कार्य दिसेनासे होते. न्यूटनच्या साऱ्या कडव्यांत 'मी' बोलतो. परक्या कडव्यात प्रथमच 'आम्ही' येतात. एका माणसाची साक्ष समूहाच्या गायनात विसर्जित होते आणि गीत स्वतः गायनाविषयीच बोलू लागते. समूहाने जे गीत शतकभर गायले, त्यात समूहाने आपले सर्वनाम घातले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. प्रक्षेप हा नेहमीच संहितेचा बिघाड नसतो. काही वेळा तो तिच्या ग्रहणाचा इतिहास असतो.

६. गाणारे

कर्ता, संग्राहक, संपादक यांच्यानंतर गायकांचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये अग्रणीने ओळ सांगायची आणि समुदायाने ती अतिशय विलंबित लयीत, स्वर लांबवीत आणि वळसे घेत म्हणायची, अशी रीत होती. या शैलीच्या गीतांना, कर्ता कोणीही असो, 'डॉक्टर वॉट्स' असे म्हटले जाई. वॉट्सचे नाव येथे कर्त्याचे न राहता गायनप्रकाराचे झाले. महालिया जॅक्सन हिने १९४७ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण याच संस्कारातून आले आहे. जानेवारी १९७२ मध्ये अरीथा फ्रँकलिन हिने लॉस एंजल्स येथील चर्चमध्ये हे गीत दहा मिनिटांहून अधिक काळ आळविले. त्या गायनाचा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच १९७२ साली रॉयल स्कॉट्स ड्रगून गार्ड्स या ब्रिटिश सैन्यदलाच्या वाद्यपथकाने बॅगपाइपवर वाजविलेली ही चाल ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेली. एका ठिकाणी शब्दाशब्दाला नवा स्वरविस्तार, तर दुसऱ्या ठिकाणी शब्दांचा संपूर्ण लोप. दोन्हीकडे श्रोत्यांना गीत ओळखू आले.

जून २०१५ मध्ये साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे चर्चमध्ये झालेल्या हत्याकांडात बळी पडलेल्या धर्मोपदेशकाच्या अंत्यविधीप्रसंगी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी भाषण करता करता हे गीत गायला आरंभ केला आणि समुदायाने ते उचलून धरले. वॉकरने शब्द आणि चाल एकत्र आणली ती याच राज्यात. गुलामव्यापाराचे मोठे बंदर असलेल्या याच शहरी एक सफर संपवून तरुण न्यूटन उतरला होता. गीतात जे लिहिलेले नाही ते अशा रीतीने गाणाऱ्यांनी आणि स्थळाने त्यात आणून ठेवले. आख्यायिकेने जे खोटेपणाने साधले होते, ते येथे इतिहासाने खरेपणाने साधले.

७. मराठीच्या अभ्यासकाला काय मिळते?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती गीतरचनेत दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पाश्चात्त्य चाल कायम ठेवून तिच्या मापात मराठी शब्द बसविणे हा एक. देशी छंद आणि चाल स्वीकारून नव्या आशयाची रचना करणे हा दुसरा. पहिल्यातील अडचण 'न्यू ब्रिटन'सारख्या चालीवरून चांगली समजते. इंग्रजी ओळ बहुधा आघातहीन अवयवाने सुरू होते. म्हणून चालही समेच्या आधी एका मात्रेची उचल घेऊन मग समेवर येते. इंग्रजीत त्या जागी एखादे अव्यय किंवा उपपद सहज बसते. मराठीत उपपदे नाहीत, आघाताचा भेद क्षीण आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कानाला जाणवतो. परिणामी उचलीच्या निसटत्या जागी भारदस्त दीर्घाक्षर येऊन बसते आणि शब्द ओढल्यासारखा वाटतो. दोष अनुवादकाच्या प्रतिभेचा असेलच असे नाही. दोन छंदव्यवस्थांचे करारच निरनिराळे आहेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसते. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांनी भक्तीचा आशय अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या परंपरेत रुजविला. 'अभंगांजली' हे ग्रंथनामच त्यांची दिशा सांगते. टिळकांच्या या निर्णयाकडे केवळ धर्मप्रसाराचे साधन किंवा देशीपणाचा आग्रह म्हणून पाहणे अपुरे होईल. अभंगाचा छंद स्वीकारणे म्हणजे ज्या समूहाला तो छंद पाठ आहे, त्याला गीतात शिरण्याची वाट मोकळी करणे होय. न्यूटनने लेस विणणाऱ्या बायाबापड्यांसाठी सर्वसामान्य छंद निवडला, त्यामागील तत्त्व आणि हे तत्त्व एकच आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, समूहगीताच्या बाबतीत कर्तृत्व ही एका क्षणाची घटना नसून एक साखळी असते. न्यूटन, अज्ञात चालकर्ता, वॉकर, परक्या कडव्याचा अनाम कवी, स्टो, एक्सेल आणि गाणारे समुदाय हे तिचे दुवे आहेत. यांपैकी एकही गळला असता तर आजचे गीत नसते. दुसरी, या साऱ्यांना एकत्र येता आले ते छंदामुळे. छंदाचा विचार आपण बहुधा अक्षरे आणि मात्रा मोजण्यापुरता करतो. तो गीताच्या सामाजिक प्रवासाचे साधनही असतो. तिसरी, कर्त्याचे चरित्र गीतावर आरोपित करण्यापूर्वी संहिता आणि सनावळी यांची साक्ष काढली पाहिजे. न्यूटनला आपल्या शब्दांचा पूर्ण अर्थ कळण्यास पंधरा वर्षे लागली. ज्यांना त्याने जहाजांतून वाहून नेले त्यांच्या वंशजांनी त्या शब्दांना जो अर्थ दिला, तो त्याच्या आवाक्यात कधीच आला नसता.

आपल्याकडील अभंग, भारुडे, ओव्या आणि आरत्या यांच्या अभ्यासात शुद्ध पाठाचा शोध आवश्यक आहेच. त्याबरोबरच कोणते कडवे कोणी, केव्हा, कोणत्या चालीवर आणि कशासाठी जोडले, याचीही नोंद पाठभेदांच्या तळटिपेत न ठेवता मुख्य विवेचनात घेतली गेली, तर मराठी भक्तिगीतांच्या इतिहासाचा एक मोठा भाग, म्हणजे गाणाऱ्यांचा भाग, प्रकाशात येईल.